घड्याळजीचा चिमटा आणि सोळा पायऱ्या

मित्रांनो, मी एक जुना चिमटा आहे. शेगडीवरचे गरम पातेले उतरवणारा नव्हे हं, ती सांडशी. तिचे आणि माझे नाते कुऱ्हाडीचे आणि सुईचे असावे तेवढेच. मी घड्याळजीचा चिमटा. वीतभरही लांब नाही, वजन असून नसल्यासारखे, आणि टोके अशी की पापणीचा गळलेला केस अलगद उचलावा. आपल्या तोंडाने आपली स्तुती करू नये हे मला कळते. पण माझ्याबद्दल चार चांगले शब्द बोलणारी माणसे आता फारशी उरलेली नाहीत, म्हणून मीच बोलतो.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. पोलादाच्या दोन पट्ट्या एका टोकाला जोडल्या, दुसरी टोके कानशीने घासत घासत निमुळती केली आणि मी झालो. तिथे चिमटे तपासायला एक करड्या स्वभावाची बाई बसत असे. ती प्रत्येकाची टोके मिटवून दिव्यासमोर धरायची. मधून उजेडाची रेघ दिसली, की चिमटा बाद. माझ्या आधीचे अकरा चिमटे तिने भंगाराच्या डब्यात टाकले. मला मात्र दिव्यासमोर धरून ती म्हणाली, “हा नीट मिटतो.” आयुष्यातली ती माझी पहिली शाबासकी होती.

पुढे मी एका घड्याळजीकडे आलो. त्यांचे दुकान इतके अरुंद होते की दोन गिऱ्हाइके आली तर एकाला रस्त्यावर उभे राहावे लागे. डोळ्याला भिंग लावून ते मनगटी घड्याळ उघडत आणि मला आत उतरवत. मोहरीपेक्षा लहान स्क्रू, केसासारखी बारीक स्प्रिंग, हे सगळे मी तीस वर्षे उचलले आणि एकदाही खाली पाडले नाही. शेजारचा चष्मेवाला मला उसना मागायला आला, की घड्याळजी म्हणत, “हवं तर घड्याळ घेऊन जा. चिमटा नाही मिळायचा.”

मग लोकांनी घड्याळे दुरुस्त करणे सोडले. घड्याळजींनी दुकान आवरले, आणि काही वर्षांनी तेही गेले. मी एका पत्र्याच्या डब्यात बेवारस स्क्रूंच्या संगतीत पडून राहिलो. एकदा त्यांच्या धाकट्या मुलीने मला बाहेर काढले. मला वाटले, दिवस पालटले. तर तिने आरशासमोर उभे राहून माझ्याकडून भुवया कोरून घेतल्या आणि पुन्हा डब्यात फेकले. हा अपमान मी अजून गिळलेला नाही.

माझे दिवस खरे पालटले ते थोरल्या मुलीमुळे. ती दातांच्या प्रयोगशाळेत कवळ्या बनवायची. दिवसभर मेणात आणि प्लॅस्टरमध्ये दुसऱ्यांचे दात बसवायचे, असले तिचे काम. तिला नाजूक अवजाराची किंमत होती. तिने मला पुसले, तेलाचा थेंब लावला आणि दिव्यासमोर मिटवून पाहिले. “अजून नीट मिटतो गं,” ती बहिणीला म्हणाली. इतक्या वर्षांनी ते शब्द ऐकून मला किती बरे वाटले, ते सांगता यायचे नाही.

आता दोघी बहिणींचा छंद सांगतो. प्लॅस्टिकचे रंगीत ठोकळे तुम्ही खेळला असाल, आणि त्यांच्याबरोबर मिळणारी बोटभर उंचीची माणसेही. या दोघी त्या ठोकळ्यांच्या माणसांचे सिनेमे बनवत. माणूस एक तांदूळभर पुढे सरकवायचा, एक फोटो काढायचा, पुन्हा तांदूळभर, पुन्हा फोटो. असे बारा फोटो काढले की पडद्यावर एक सेकंद होतो आणि तेवढ्यापुरता तो माणूस चालतो. त्यांची आई कपाळावर हात मारून म्हणे, “लग्नाच्या वयाच्या होतात तेव्हा ऐकलं नाहीत, आणि आता घोड्यांएवढ्या होऊन ठोकळे खेळताय!” थोरली चाळिशीची, धाकटी तिच्याहून सहा वर्षांनी लहान. दोघी आईचे बोलणे या कानाने ऐकत आणि त्या कानाने सोडत.

त्या वर्षी त्यांनी हौशी लोकांच्या एका स्पर्धेत भाग घेतला. पहिल्याच दिवशी नियमांचा कागद आला आणि तो धाकटीने मोठ्याने वाचला. सिनेमा एक ते तीन मिनिटांचा हवा. त्याला शेवट हवा. सगळे काम ठरलेल्या चाळीस दिवसांतच झाले पाहिजे. त्याची खात्री पटावी म्हणून आयोजक पहिल्या दिवशी एक वस्तू जाहीर करत आणि ती सिनेमात दिसायलाच हवी. त्या वर्षीची वस्तू होती पिवळी बादली. आणि नियम सात: ‘कोणत्याही फ्रेममध्ये हात, बोट अथवा अवजार दिसल्यास सिनेमा बाद होईल.’

अवजार! म्हणजे मी! सगळ्या सिनेमाचा भार मी उचलायचा आणि मला दिसायची मात्र बंदी. मी मनातून फार चिडलो होतो. पण थोरली हसून म्हणाली, “बरोबरच आहे. आपण दिसलो तर तो चालतोय असं कोणाला वाटेल?”

त्यांनी गोष्ट रचली ती अशी. एका इमारतीत गळती लागली आहे. नळवाला पिवळी बादली घेऊन सोळा पायऱ्या चढतो. जिथे जाईल तिथे पाणी ठिबकतेच. शेवटी वर पोचल्यावर त्याला कळते, की भोक त्याच्या बादलीलाच आहे. जेवणाच्या टेबलावर जिना उभा राहिला. सूर्य सरकला की फोटोतला उजेड बदलतो, म्हणून खिडकीला काळा कागद लावला. दिव्याच्या उजेडात, भर दुपारीही ती खोली विहिरीच्या तळासारखी वाटे.

काम वाटून घेतलेले होते. थोरली कामावरून चारला येई आणि आली तशी, प्रयोगशाळेचा पांढरा ॲप्रन घालूनच टेबलापाशी बसे. “ॲप्रन असला की माझा हात बसतो,” असे तिचे म्हणणे. मला हातात धरून ती नळवाल्याला सरकवायची. धाकटी कॅमेऱ्याला जोडलेल्या लॅपटॉपपाशी बसून बटण दाबायची. नळवाल्याचा पाय हवेत उचललेला राहावा म्हणून, भिंतीवर कागद डकवायला वापरतात तो निळा चिकट गोळा त्याच्या टाचेखाली लावलेला असे. एका पायरीला पन्नास फोटो. तेरा दिवसांत नळवाला नवव्या पायरीपर्यंत आला.

तेराव्या दिवशी धाकटी कंटाळली होती. थोरली बादली जरा कलती करत होती, मी बादलीची कडी धरलेली होती, आणि धाकटीने वेळेआधीच बटण दाबले. फोटोत थोरलीचा हात आला, आणि मित्रांनो, मीही आलो.

“हात काढ ना ताई! किती वेळ लावतेस एकेका फोटोला!” धाकटी करवादली.

“अगं, घाई तू केलीस. पुसून टाक तो फोटो.” थोरलीने बादली होती तशीच सोडली आणि मला जिन्याशेजारी ठेवले. “दमले मी आज. उद्या बघू.” फोटो पुसायचा राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर जाताना बसमधून उतरताना ती पडली. डोक्याला मार लागला. दवाखान्यात नेईपर्यंत सगळे संपले होते.

हे मला त्या वेळी कोणी सांगितले नाही. चिमट्याला कोण सांगणार? मी चार वाजण्याची वाट पाहत राहिलो. बाहेरच्या खोलीत माणसांची ये-जा झाली, कोणीतरी हुंदके दिले, दार पुष्कळदा उघडले आणि पुष्कळदा लागले. मग घर गप्प झाले. पांढरा ॲप्रन कोणीतरी आणून दाराच्या मागे टांगला आणि त्यात ती नव्हती. तेव्हा मला कळले.

त्या खोलीतले पुढचे दिवस मला नको वाटतात, पण सांगायला हवेत. टेबलाला कोणी हात लावला नाही. आई आणि धाकटी स्वयंपाकघरात जमिनीवर बसून जेवत. खिडकीवरचा काळा कागद तसाच होता. दार उघडले की मला नळवाला दिसे, नवव्या पायरीवर, एक पाय हवेत. त्याच्या तोंडावर रंगवलेले हसू होते आणि ते काही केल्या जात नव्हते. मला सारखे वाटे, आता हा पाय टाकेल. आता कोणीतरी मला उचलेल. थोरलीच्या बोटांची ऊब माझ्या पट्ट्यांत अजून आहे असा मला भास व्हायचा. पोलादाला ऊब धरून ठेवता येत नाही हे मला ठाऊक आहे. तरी मला ती जाणवे.

एकदा आई दारातून म्हणाली, “टेबल मोकळं करू या का गं?”

“नको.” धाकटी लगेच उठून उभी राहिली. “ताईने ठेवलंय ते. तिने ठेवलेली ही शेवटची वस्तू आहे. मी पुढचा फोटो घेतला तर ते मोडेल.”

“मग सिनेमा?”

सिनेमा पुरा करायचा तर थोरलीने ठेवलेला नळवाला हलवावा लागणार. नाही हलवला, तर दोघींच्या नावाचा सिनेमा कधीच होणार नाही. बारा दिवस उरले होते. धाकटी आत येई, खुर्चीत बसे आणि उठून जाई.

मग तिने स्पर्धेच्या कार्यालयात फोन करायला सुरुवात केली. तिथे एक वयस्कर गृहस्थ उत्तरे देत. दोघी बहिणींनी त्यांना आधीपासून ‘नियमवाले काका’ असे नाव पाडले होते. धाकटी रोज एक प्रश्न विचारी. रंग उडालेला ठोकळा चालेल का? चालेल. फोटो थोडा हलला असेल तर? गुण जातील, सिनेमा बाद होणार नाही. जिन्याच्या मागे भिंत दिसली तर? दिसू दे. काका न कंटाळता सांगत. तिला खरे विचारायचे ते वेगळेच आहे, हे मला दुरून कळत होते.

पाचव्या दिवशी तिने फोनचा आवाज मोठा करून तो टेबलाजवळ ठेवला आणि विचारले, “अर्धवट सिनेमा चालेल का? नवव्या पायरीवरच संपणारा?”

“नाही मॅडम, शेवट लागतो.”

“आणि एका फोटोत हात आला असेल तर?”

“तो फोटो काढून टाका. नियम सात.”

“तो माझ्या बहिणीचा हात आहे.” धाकटी म्हणाली. “ती आता नाहीये.”

मग काका म्हणाले, “तुमच्या संघात दोघी होत्या, नावं दोघींचीच राहतील. त्याला कुणी आडकाठी करणार नाही, मी बघतो. पण तो फोटो काढावाच लागेल. एकाचा हात चालवला तर सगळ्यांचे चालवावे लागतील. रागावू नकोस हं, बाळ.”

धाकटी रागावली नाही. तिने लॅपटॉप उघडला. तो फोटो वेगळा जपून ठेवावा, निदान तेवढे तरी करावे, असे तिच्या मनात होते. कॅमेरा चालू झाला, आणि तिच्या तोंडून “आई!” अशी हाक निघाली.

इथे तुम्हाला एक गोष्ट सांगायला हवी. पुढचा फोटो घेताना मागचा फोटो पडद्यावर पुसट दिसतो. माणूस किती सरकला ते त्यावरून कळते. आता पडद्यावर दोन नळवाले होते. एक पुसट, थोरलीने ठेवलेला, आणि त्याच्या बादलीवर थोरलीचा पुसट हात. दुसरा खरा. आणि हे दोन एकमेकांवर बसत नव्हते. खरा नळवाला गव्हाच्या दाण्याएवढा खाली आला होता. त्याची बादली झुकली होती.

“तू हात लावलास?” धाकटी आईवर ओरडली.

“शप्पथ नाही गं! फडकंसुद्धा फिरवलं नाही मी!” आई रडवेली झाली. “मी तर या खोलीत श्वाससुद्धा जपून घेते.”

आई खरेच बोलत होती. मी साक्षीला होतो. रोज, कुणी न पाहता, तो केसभर खाली येत होता. माझ्यासमोर येत होता आणि मला ओरडता येत नव्हते. टाचेखालचा चिकट गोळा हळूहळू दबत चालला होता, बस्स. पण बंद खोलीत त्या हसऱ्या तोंडाच्या माणसाला असे आपोआप खचताना पाहणे काय असते, ते माझे मला माहीत.

धाकटी खुर्चीत बसली. “मी इतकं जपलं,” ती म्हणाली, “तरी हललंच.”

आई तिच्यामागे येऊन उभी राहिली. पडद्यावरच्या पुसट हाताकडे तिने कितीतरी वेळ पाहिले. मग म्हणाली, “तिने ठेवलं होतं तिथे परत ठेवता येईल का तुला?”

आणि धाकटीने मला उचलले. मित्रांनो, भुवयांचे प्रकरण मी त्या क्षणी माफ केले. तिचा हात थंडगार होता. बटणापाशी आई बसली, आयुष्यात पहिल्यांदा. कॅमेऱ्यापुढे हात नेल्यावर धाकटीला पडदा दिसेना, म्हणून आई सांगत गेली.

“डावीकडे घे. अजून थोडं. वर... वर. अंगठा जरा दुमड. ताईचा दुमडलेला आहे.” मग तिचा आवाज खाली आला. “बसला गं. तुझा हात तिच्या हातात बसला.”

पुसट बोटांत खरी बोटे होती, आणि पुसट चिमट्यात मी. मी माझ्याच जागी परत गेलो होतो, फक्त मला धरणारी दुसरी होती. त्या क्षणी मला दोन हात जाणवले. हवे तर हसा. नळवाला थोरलीने ठेवला होता तिथे, तसाच उभा राहिला.

मग धाकटीने तो हाताचा फोटो एका वेगळ्या जागी जपून ठेवला आणि सिनेमातून काढून टाकला. “हं,” ती म्हणाली. आईने बटण दाबले. पुढचा फोटो आईने घेतला तेव्हा नळवाल्याने दहाव्या पायरीकडे पाय टाकला.

उरलेल्या सात दिवसांत त्या दोघींनी सोळा पायऱ्या पुऱ्या केल्या. धाकटी पुन्हा कधी कुणावर चिडली नाही, आणि आई टेबलाला धक्का लागू नये म्हणून पदर खोचून बसे. शेवटच्या रविवारी दुपारी सिनेमा पहिल्यापासून लावून पाहिला. संध्याकाळी पाचच्या आत तो पाठवायचा होता. नळवाला चढला, पाणी ठिबकले, बादलीचे भोक निघाले. आई हसली.

“कुठेच नाही ना गं ती यात,” ती म्हणाली. “हात होता तोही गेला.”

धाकटीने सिनेमा पुन्हा लावला. या वेळी आईच पुढे वाकली. “हा उजेड असा का होतोय? कमी-जास्त, कमी-जास्त. कुणी श्वास घेतल्यासारखा.”

खरेच तसे होते. जिन्याची भिंत क्षणात उजळे, क्षणात मंद होई. नवव्या पायरीपर्यंत. दहाव्या पायरीपासून उजेड अगदी स्थिर होता, मेल्यासारखा स्थिर. धाकटीने स्वतःच्या गडद निळ्या कुडत्याकडे पाहिले. मग ती उठली, दारामागचा पांढरा ॲप्रन काढला आणि दिव्यासमोर पुढेमागे हलवला. टेबलावरचा जिना उजळला, मंदावला, पुन्हा उजळला.

“ताई आहे ती,” ती म्हणाली. “ती पुढे वाकली की ॲप्रनवरून परतून उजेड वाढायचा, मागे झाली की कमी. तेरा दिवस ती इथे बसली होती आई, ती सगळी आत आहे.”

आईने दोन्ही हातांनी तोंड झाकले.

लॅपटॉपमध्ये उजेडाची थरथर काढून टाकण्याची सोय होती. एक बटण, की सगळे सारखे. नियमांच्या कागदावर लिहिलेलेच होते, की थरथर असल्यास पाच गुण कमी होतील. धाकटीने ते आईला वाचून दाखवले.

“कापू देत,” आई म्हणाली. “पाच काय, पन्नास कापू देत.”

पावणेपाचला सिनेमा गेला. बक्षीस मिळाले नाही. महिन्याभराने परीक्षकांचा शेरा आला. धाकटीने तो आधी मनात वाचला. मी तिच्यासमोर टेबलावर होतो, मलाही दिसला. ‘गोष्ट छान. बादलीचा विनोद जमला आहे. पहिल्या भागात प्रकाश सतत थरथरतो. काम करताना पांढरे कपडे घालू नयेत. नवव्या पायरीनंतर हा दोष पूर्ण नाहीसा झाला आहे, त्याबद्दल अभिनंदन.’

“काय लिहिलंय?” आईने स्वयंपाकघरातून विचारले.

धाकटीने कागदाची घडी घातली. “लिहिलंय,” ती म्हणाली, “की नवव्या पायरीपर्यंत ताई दिसते.”

“आणि पुढे?”

“पुढे नाही दिसत.”

“बरोबर बघितलंय त्यांनी,” आई म्हणाली, आणि तिने नळ सोडून भांडी घासायला घेतली.

मी आता त्याच टेबलाच्या खणात असतो. धाकटी अधूनमधून मला काढते, पुसते, दिव्यासमोर मिटवून बघते. माझे एक टोक किंचित वाकले आहे, मधून उजेडाची बारीक रेघ दिसते. कारखान्यातल्या त्या बाईने मला आज बाद केले असते. धाकटी करत नाही. मित्रांनो, एका म्हाताऱ्या अवजाराची विनंती ऐका. घरातल्या जुन्या वस्तू पुसून ठेवत जा, आमची टोके जपत जा. आणि शेजारी बसून कोणी तुमच्याबरोबर काम करत असेल, त्याला वेळ लागत असेल, तर ‘हात काढ’ म्हणायची घाई करू नका. हात निघतोच.